मस्के सरांचा सबक

आमच्या घरात कापूस कुठं नव्हता ते विचारा. ओसरीवर होता, आढ्याला होता, अब्बांच्या भुवयांवर होता, आणि अम्मा कितीही झाकून ठेवायची तरी वरणात एखादा तंतू निघायचाच. अब्बा पिंजारी. शिरड शहापूरहून औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव लहान, पण थंडी जवळ आली की गावातल्या सगळ्या गाद्या, लेप, उशा आमच्या अंगणात येऊन पडायच्या. अब्बा तोंडाला फडकं बांधून धुनकीच्या, म्हणजे कापूस पिंजायच्या धनुकलीच्या, तातीवर लाकडी दस्ता मारत बसायचे आणि दिवसभर तो आवाज चालायचा, धुन् धुन् धुनक, धुन् धुन् धुनक. पाहुणे आले की कानांवर हात ठेवायचे. आम्हाला मात्र तो आवाज थांबला की चुकल्यासारखं व्हायचं. शिलाईच्या वेळी अब्बा ट्रान्झिस्टर लावायचे. त्यावर गाणी लागोत, शेतीची माहिती लागो की इंग्रजी बातम्या, ते बटण फिरवायचे नाहीत. म्हणायचे, "बोलून राहिलाय ना बिचारा, बोलू दे."

घरातला दुसरा आवाज अम्माच्या शिकवणीचा. दुपार उतरली की गल्लीतल्या सात-आठ मुली डोक्यावर ओढण्या घेऊन यायच्या आणि आतल्या खोलीत अम्मा त्यांना कुराणाचा सबक द्यायची. सबक म्हणजे त्या दिवसाचा धडा. अम्माला मराठी जेमतेम वाचता यायचं, इंग्रजी मुळीच नाही, पण अरबी अक्षरांच्या बाबतीत ती फार कडक होती. तिचं म्हणणं असं की प्रत्येक अक्षराला तोंडात आपलं घर असतं. कोणी नरड्यात राहतं, कोणी टाळूला, कोणी दातांत, कोणी ओठांवर. ते त्याच्या घरातूनच बाहेर आलं पाहिजे. एका मुलीला एक अक्षर नीट येईना, तर अम्मानं तिला आठ दिवस त्याच अक्षरावर ठेवलं होतं. सबक कच्चा असला की पुढचं पान उलटायचं नाही, मग आई येऊन रडो की बाप येऊन विनवणी करो. मी तर घरचीच. मला पाचव्या वर्षापासून हा जाच होता. भाकरी खाताना सुद्धा ती मधेच म्हणायची, "वो हरफ बोल के दिखा," आणि मला घास गालात सारून ते अक्षर म्हणून दाखवावं लागायचं.

आता मस्के सरांबद्दल सांगते. ते मूळचे हट्टा गावचे, पण आमच्या शाळेत इतकी वर्षं होते की गावचेच झाले होते. धिप्पाड अंग, भरघोस मिशा, धोतर आणि सायकल. आम्हाला पाचवीपासून इंग्रजी तेच शिकवायचे, आणि मन लावून शिकवायचे. "टी-एच-आय-एस धिस, धिस म्हंजे हे" असं सगळ्या वर्गाकडून घोकून घ्यायचे तेव्हा शाळेवरची कबुतरं उडायची. चांगलं वाचणाऱ्याला खिशातला अर्धा खडू बक्षीस. त्या अर्ध्या खडूसाठी आम्ही काय काय केलं असेल! सरांनी इंग्रज पाहिला नव्हता, इंग्रजी बोलणारा माणूसही पाहिला नव्हता. त्यांच्या सरांनी त्यांना जे शिकवलं ते त्यांनी आम्हाला दिलं, आणि हातचं काही राखून ठेवलं नाही. मला ते फार आवडायचे. मी सातवीत होते आणि माझ्या मोठ्या आवाजाचं त्यांना कौतुक होतं. वाचन निघालं की पहिलं नाव माझंच, "शमीम, ऊठ गं."

माझं वाचन इतर मुलांपेक्षा थोडं वेगळं होतं, आणि त्याचं कारण ट्रान्झिस्टर. बातम्या सांगणारा माणूस काय सांगतो ते मला कळत नव्हतं, पण एकदा उशीला टाके घालता घालता माझ्या कानानं पकडलं की टी-एचच्या जागी तो जे म्हणतो ते आमच्या 'थ'सारखं नाहीच. अम्मानं वर्षभर माझ्याकडून घोटून घेतलेलं एक अरबी अक्षर होतं, जिभेचं टोक वरच्या दातांखाली हळूच ठेवून वारा सोडायचा, हुबेहूब तेच. मला गंमत वाटली. मी वर्गात तसं वाचायला लागले. सरांच्या ते कानावर पडत असणार, पण ते काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं असेल, पोरीच्या पुढच्या दातांत फट आहे.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि तालुक्याहून साहेब तपासणीला आले. साहेब नुकतेच कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि त्यांना इंग्रजी उच्चारांचं भलतंच वेड लागलं होतं. त्यांनी वाचायला सांगितलं. सरांनी मोठ्या विश्वासानं मला उभं केलं. मी वाचलं. आईवडील आणि दोन भाऊ उत्तरेकडे जातात असा काहीतरी धडा होता, ओळीओळीत टी-एच. साहेब खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "वा! हा उच्चार तुला कोणी शिकवला?"

सर माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर हसू होतं. मी त्यांचं नाव घेणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं, आणि घ्यायला हरकतही काय होती? पण मी म्हणाले, "आमच्या अम्मानं."

साहेबांनी मग पुस्तक सरांच्या हातात दिलं. सरांनी तीच ओळ वाचली, नेहमीसारखी, खणखणीत. आम्हाला त्यात काही खोट दिसली नाही. साहेब मात्र मान हलवत राहिले आणि सगळ्या वर्गादेखत बोलले, "मस्के, एवढी वर्षं तुम्ही मुलांना हेच शिकवलंत? मी महिन्यानं परत येतो. तोवर उच्चार सुधारले नाहीत, तर इंग्रजीचा तास दुसऱ्या गुरुजींकडे द्या आणि तुम्ही कार्यानुभव घ्या." कार्यानुभव म्हणजे सुतळी वळणं आणि खडू पाडणं. सर "व्हय साहेब" एवढंच म्हणाले.

मला आज सत्तरी गाठताना सुद्धा तो क्षण आठवला की कानशिलं गरम होतात. मी खोटं बोलले नव्हते, पण खरं बोलून मी माझ्या आवडत्या माणसाला वर्गापुढे उघडं पाडलं होतं. दुसऱ्या दिवशी सर माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते आले, फळ्यावर धडा लिहिला, आणि म्हणाले, "उतरवून घ्या." तिसऱ्या दिवशीही तेच. मोठ्यानं वाचणं त्यांनी बंदच केलं. इंग्रजीच्या तासाला नुसते बोरूचे आवाज. माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

चौथ्या दिवशी माझ्या पुढ्यात अंबाडीची भाजी आणि गरम भाकरी होती, वर करडईचं तेल सोडलेलं. माझ्या फार आवडीचं. तरी मी नुसती भाकरीशी खेळत बसले. अम्मानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारल्यावर मी सगळं भडाभडा सांगितलं आणि हमसून हमसून रडले. अम्मानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर कू आता नइ, तो सिकना. इसमे रोने का क्या है?" सरांना येत नाही, तर शिकायचं, त्यात रडायचं काय. मी म्हणाले, "पण त्यांना शिकवणार कोण?" अम्मानं माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या बुद्धीची लाज वाटली.

पण अडचण होतीच. अम्मा परक्या पुरुषासमोर येत नसे. आमच्याकडे तशी रीतच होती. आणि मस्के सर सहजासहजी पिंजाऱ्याच्या बायकोकडे इंग्रजी शिकायला येतील, हेही कठीण. पहिली अडचण अम्मानं सोडवली, दारावर जुन्या लेपाचं कापड पडदा म्हणून टांगून. दुसरी अब्बांनी सोडवली. सरांची एक गादी आमच्याकडे भरायला आलेली होती. अब्बा शाळेत जाऊन सांगून आले, "सर, गादी तयार हाय, संध्याकाळी येऊन घेऊन जावा." गादी खरं तर अजून टाक्यांतच होती.

सर आले, कापसाच्या गासडीवर टेकले. अब्बांनी गुळाचा चहा दिला. सर इकडं तिकडं बघत गादी शोधत होते, तेवढ्यात पडद्याआडून अम्माचा आवाज आला, "सर, सलाम. शमीमनं सगळं सांगितलं. लेकरू चार दिस झाले जेवलं न्हाई."

सरांनी चहाची बशी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. म्हणाले, "काहून जेवत न्हाईस गं? तुझ्यावर थोडाच राग हाय माझा." आणि मग पडद्याकडे तोंड करून, पण नजर खाली ठेवून, मोठ्या बहिणीला हाक मारतात तसे बोलले, "आपा, राग माझ्या जिभेवर हाय. आता ह्या वयात ती काय वळतीया?"

"बराबर वळते," अम्मा म्हणाली. "मला इंग्रजी येत न्हाई सर. पर जीभ कुठं ठेवायची ते येतंय. तुमी बोलून दाखवा, शमीम बी बोलंल. मी ऐकून सांगते."

सरांनी एकदा मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि सबकाच्या मुली ओढणी घेत तसा डोक्यावर बांधला. अब्बा म्हणाले, "सर, याची जरूर न्हाई, हे तर तुमचं शाळेचं पुस्तक." सर म्हणाले, "शिकायला बसलो ना, मग राहू द्या."

तिथून महिनाभर ही शाळा चालली. रोज संध्याकाळी मुलींचा सबक संपला की सर यायचे, चपला बाहेर काढायचे, रुमाल बांधायचे. अब्बा धुनकी थांबवून हातशिलाई घेऊन बसायचे, आणि ट्रान्झिस्टरवर इंग्रजी बातम्या लागल्या की अम्मा आधी कान देऊन ते आवाज ऐकून घ्यायची. अम्माला सरांचं तोंड दिसत नव्हतं आणि तरी ती पडद्याआडून सांगायची, "जीभ मागं गेली सर, दातापाशी आणा," आणि ती खरंच मागे गेलेली असायची. आवाजावरून तिला आतलं सगळं दिसायचं. अगदीच अडलं तर मी आरसा धरून सरांपुढे बसायची आणि डोळ्यांनी बघून अम्माला खबर द्यायची, "अम्मा, दात ओठाला लागत न्हाईत!" "मिशी आडवी येतीया!" सबक संपूनही पडद्याआड रेंगाळलेल्या मुली ओढणीत तोंड खुपसून हसायच्या. सरही हसायचे.

'फ' साठी अम्मानं कापूस वापरला. तळहातावर पिंजलेल्या कापसाचा एक हलका पुंजका ठेवायचा आणि तोंडासमोर धरायचा. आपला मराठी 'फ' म्हटला की पुंजका टुणकन उडून जातो. खालच्या ओठावर वरचे दात टेकवून वारा सोडला की पुंजका जागेवरच थरथरतो. पहिल्या दिवशी सरांनी 'फादर' म्हटलं आणि कापूस थेट अब्बांच्या दाढीत गेला. मग त्यातून पुढचं अक्षर अम्मानं स्वतः शोधलं, कारण ते अरबीत नव्हतंच. म्हणाली, "दात ओठावर तसेच ठेवा आन् गळ्यातली तात वाजवा." सरांनी नरड्यावर दोन बोटं ठेवली. धुनकीची तात छेडल्यावर हाताला कळते तशी ती थरथर बोटांना कळली आणि 'व्ही' निघाला. दुसरा, 'डब्ल्यू'चा 'व', गरम चहावर फुंकर घालताना ओठ होतात तसे ओठ करून. दीर्घ आणि ऱ्हस्व यांच्यासाठी ती बोटं मुडपायला लावायची. एक बोट मिटेपर्यंत ऱ्हस्व, दोन मिटेपर्यंत दीर्घ. कुराण वाचताना मुलींना ती तसंच मोजायला लावे. सर जहाजाच्या 'शिप'ला एक बोट आणि मेंढीच्या 'शीप'ला दोन बोटं मुडपत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत घरी जायचे. एकच स्वर अम्माला सापडेना, 'कॅट'मधला. ती चिडली, "हे आमच्यात न्हाई." तेव्हा सुईत दोरा ओवता ओवता अब्बा म्हणाले, "त्यात काय, ती तर रोज आपली बकरी बोलती." दुसऱ्या दिवसापासून तो स्वर शिकवायचं काम बकरीकडे.

गावात गोष्ट लपून राहत नाही. चहाच्या हॉटेलात कोणीतरी विचारलंच, "सर, पिंजाऱ्याच्या घरी रोज काय करून राहिले तुमी?" सर म्हणाले, "शिकून राहिलो." "काय?" "बोलाया." विचारणाऱ्यानं सरांसाठी आणखी एक चहा सांगितला. सरांच्या हाताखालून अर्धं गाव गेलेलं होतं.

माझी नात पुण्याला असते. तिच्या फोनमध्ये असं काहीतरी आहे की ती इंग्रजी शब्द म्हणते आणि फोन हिरवी खूण करतो किंवा पुन्हा म्हण म्हणतो. ती म्हणाली, आजी, तू म्हणून बघ. मी म्हटलं, आणि लागोपाठ हिरव्या खुणा आल्या. मी चाळीस वर्षं टपाल कचेरीत तिकिटं विकली, इंग्रजी बोलण्याचं काम मला कधी पडलंच नाही. तरी त्या दिवशी मला अम्माची फार आठवण आली.

त्या महिन्यात वर्गातही फरक पडला होता. सरांनी मोठ्यानं वाचणं पुन्हा सुरू केलं, पण आता पद्धत वेगळी. आल्या आल्या ते सांगायचे, "काल मला हे शिकवलं. मला अजून जमत न्हाई. माझी जीभ इथं जातीया, तिकडं जायला पायजे. तुमाला जमतंय का बघा." अम्माचा कापसाचा पुंजकाही ते खिशात घालून आणायचे. मुलांना तर काय, जीभ बाहेर काढायची सरांनीच परवानगी दिल्यावर आनंदच. मधल्या सुट्टीत सगळी शाळा एकमेकांना टी-एच दाखवत हिंडायची.

महिन्यानं साहेब आले. सरांनी नवं धोतर नेसलं होतं. आदल्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर त्यांनी तोच उतारा तीनदा बिनचूक वाचला होता, अम्मानं पडद्याआडून "माशाल्ला" म्हटलं होतं. मी देवाचं नाव घेत बसले होते. साहेब म्हणाले, "वाचा." आणि सरांनी वाचलं. पहिला शब्द जुना निघाला. दुसराही जुना. सर थांबले, घाम पुसला, जीभ जागेवर आणायला लागले, पण साहेबांसमोर ती अशी बावचळली की एवढ्या वर्षांच्या सवयीच्या जागीच जाऊन बसली. सगळी ओळ जुन्या उच्चारांची झाली.

सरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "साहेब, मला न्हाई जमलं. पर एकदा लेकरांचं ऐकून घ्या."

आणि सगळा वर्ग उभा राहिला. सरांनी खूण केली तशा चाळीसेक जिभा एकदम दातांतून बाहेर आल्या. सर इतके दिवस सांगत होते की लाजू नका, चांगली बाहेर दिसू द्या, म्हणून मुलांनी पार हनुवटीपर्यंत काढल्या होत्या. पहिल्या बाकावरच्या गंगाधरची सगळ्यात लांब. साहेब खुर्चीतून उठलेच. ओरडले, "हे काय! वरिष्ठांना जिभा दाखवता?" मुलं घाबरली, पण तोवर वारा सुटला होता. शब्द निघाले. नीट, मऊ, आपापल्या घरातून निघालेले. साहेब तसेच उभे राहिले. त्यांनी एकेकाला वेगळं म्हणायला लावलं. मागच्या बाकावरच्यांना सुद्धा. एकानं तर सवयीनं तळहात तोंडासमोर धरला, नसलेल्या कापसासाठी.

साहेब सरांकडे वळले. "मस्के, तुम्हाला येत नाही."

"न्हाई साहेब."

"मग यांना कसं आलं?"

"मला काहून येत न्हाई, ते मी यांना रोज सांगत होतो."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "तास तुमच्याकडेच राहू द्या." चहा न घेता गेले. मुलांनी एकच गिल्ला केला. सर खुर्चीत बसले होते, रुमालानं चेहरा पुसत होते, आणि तो रुमाल बराच वेळ डोळ्यांवरच होता.

मी धावत घरी आले. "अम्मा, तास राहिला! सरांचा तास राहिला!" अब्बांनी दस्ता खाली टाकला आणि मला उचलूनच घेतलं, एवढी घोडी झाले होते तरी. अम्मा चुलीपाशी होती. तिनं विचारलं, "सर कैसा पढे?" मी खरं सांगितलं. म्हटलं, सरांनी जुनंच वाचलं. अम्मानं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मग सबक कच्चा हाय. उद्या बोलव त्यांना."

मी म्हटलं, आता काय गरज? तास तर राहिला. अम्मानं दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

बोलवायला जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्या सुटल्या सर दारात हजर. चपला काढल्या, गासडीवर बसले, म्हणाले, "आपा, मी तुमचं नाव घालवलं."

"नाव कशाचं सर," पडद्याआडून अम्मा म्हणाली. "लेकरायचं पक्कं झालं, तुमचं ऱ्हायलं. पयल्या अक्षरापासून धरा."

सरांनी डोक्यावर रुमाल बांधला. मी आरसा घेऊन समोर बसले. माझी नजर वर होत नव्हती. सर म्हणाले, "शमीम, इकडं बघ. त्या दिशी साहेबानं विचारलं तवा तू माझं नाव घेतलं असतंस, तर मला लई बरं वाटलं असतं. आन् जल्मभर मी लेकरांना तेच चुकीचं शिकवत बसलो असतो. तू अम्माचं नाव घेतलंस ते बरं केलंस."

महिनाभर छातीवर बसलेलं ओझं त्या एका बोलण्यानं गेलं, आणि मला रडूच फुटलं. सरांचेही डोळे भरले. ते आणखी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात पडद्याआडून अम्माचा आवाज आला.

"सर, बोलणं पुरे. जीभ दातावर ठेवा."